आत्याआजींचं रिकामं चावणं

इंदुरात रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आत्याआजी ओसरीवर बसलेल्या असायच्या. तोंडात काही नसताना जबडा सारखा चालू, मधूनच जीभ ओठांवरून फिरून आत जायची. सुपारी चघळतायत, असं आम्हा मुलांना वाटे. मोठी माणसं पाहुण्यांसमोर दटावत, "अहो, तोंड आवरा जरा." मनाच्या आजारावर त्यांना वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. या चघळण्याचं मूळ त्या गोळ्यांत असेल, हे घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यावर सुरू होणाऱ्या या हालचालींना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. त्यांचा माग काढत गेलं की आपण सर्पगंधा या औषधी वनस्पतीपाशी पोचतो. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते, असं लिहिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात एक द्रव्य सापडलं, सबस्टन्स पी. ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आहे हे पुढे कळलं आणि त्यातल्या 11 अमिनो आम्लांचा क्रम उलगडायला 1971 उजाडलं.

1952 मध्ये सर्पगंधेतून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. रुग्ण शांत होत, पण काहींचं अंग ताठे, हात कापत. असं का, हे 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी दाखवलं. रेसरपिन दिलेले ससे कान पाडून निपचित पडले होते. त्यांना एल-डोपा (शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य) टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. औषधाने आटलं होतं ते डोपामिन, मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं द्रव्य. या प्रयोगाइतकी स्वच्छ गोष्ट मला वैद्यकात दुसरी माहीत नाही.

पेप्टाइडांचा धागा इथे येऊन मिळतो. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात काही पेशींत सबस्टन्स पी असतं, त्या हालचालीला वाट देतात. दुसऱ्या पेशींत एनकेफॅलिन हे दुसरं पेप्टाइड असतं, त्या हालचाल रोखतात. एनकेफॅलिन 1975 मध्ये अ‍ॅबरडीनला डुकराच्या मेंदूत सापडलं. अफूतलं मॉर्फिन मेंदूत जिथे जाऊन बसतं तिथेच हेही बसतं. मालव्याच्या अफूचा व्यापार पाहिलेल्या आपल्या गावाला हे नातं जवळचं वाटावं. डोपामिन पहिल्या पेशींना चेव देतं आणि दुसऱ्यांना आवरतं. 1958 मध्ये तयार झालेलं हॅलोपेरिडॉल हे मनाच्या आजारावरचं औषध डोपामिनला दुसऱ्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. त्यांच्यात एनकेफॅलिन वाढतं आणि अंग ताठतं.

मग वर्षांनंतर उलट, नको त्या हालचाली का सुरू होतात? इथे ऑक्सिडेटिव्ह ताणाकडे, म्हणजे पेशीत साचणाऱ्या घातक ऑक्सिजन-द्रव्यांकडे, बोट दाखवलं जातं. डोपामिन मोडताना दर वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशीतलं ग्लुटाथायोन ते निस्तरतं, पण तेच कमी पडलं की पेशीला इजा होते. रेसरपिन किंवा हॅलोपेरिडॉल दिलेले उंदीरही रिकामं चावतात, आणि त्यांच्या मेंदूत या इजेच्या खुणा दिसतात. म्हणून अशी इजा रोखणारं व्हिटॅमिन ई रुग्णांना देऊन पाहिलं. सुरुवातीला आशा वाटली, पण 1999 च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हा हे कारण पटण्याजोगं असलं तरी पुरेसं नाही, असं माझं मत.

2017 मध्ये अमेरिकेत या चावण्यावर व्हॅल्बेनाझिन या औषधाला मान्यता मिळाली. पेशीत डोपामिन साठवणारा जो पंप रेसरपिन कायमचा बंद करतं, तोच हे औषध तात्पुरता दाबतं. आत्याआजी तेव्हा नव्हत्या.