खड्ड्याचं मूळ डांबरात नसतं

पाऊस सुरू झाला की आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. डावीकडे रोमजवळची दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी वाट, उजवीकडे आपला खड्डा. खाली लगेच कुणीतरी लिहितं, 'प्राचीन तंत्रज्ञान हरवलं!'

हरवलं काही नाही. टिकलेले रस्ते आपल्याला दिसतात, विरघळलेले दिसत नाहीत, एवढंच. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या दलदलीत लाकडी फळ्यांची एक पायवाट सापडली, सुमारे दोन किलोमीटरची. फुलीसारखे रोवलेले खांब, त्यांच्या बेचक्यात ओकच्या फळ्या. खोडातल्या वार्षिक वलयांवरून ती लाकडं इ. स. पू. ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात तोडल्याचं कळलं. ही वाट वापरात जेमतेम दहाएक वर्षं होती. मग चिखलाने ती गिळली आणि हवा लागू न दिल्याने तीच जपली.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुरबाडच्या वैशाखऱ्यावरून जुन्नरकडे चढणारा सातवाहनकालीन नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून तिथून वर जायचा. ती वाट टिकली, कारण ती कातळातच आहे. तिच्याखाली मातीच नाही.

आणि सगळी गोम त्या मातीत आहे. रस्ता म्हणजे वरचं डांबर, असं आपण समजतो. स्कॉटलंडच्या जॉन मॅकअॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटं सांगितलं: गाडीचा भार शेवटी जमीनच पेलते, तुम्ही फक्त तिला कोरडी ठेवा. खाली मोठाले धोंडे रचायचा तेव्हाचा रिवाज त्याने मोडला. साधारण दहा इंचांचा थर, तोही फोडलेल्या खडीचा, आणि वरच्या थरातला दगड गाडीच्या लोखंडी धावेच्या रुंदीपेक्षा बराच लहान. दगड मोठा असला तर चाक त्याच्या एका टोकावर चढतं आणि तो कलंडतो.

खडी फोडलेलीच का हवी? नदीतला गोटा गोल असतो. दाबला की निसटतो. पारसिकच्या डोंगरातली काळी खडी बघा, तिला कोपरे असतात. चाक वर आलं की एका खड्याचा कोपरा दुसऱ्याच्या खाचेत रुततो, आणि प्रत्येक गाडीगणिक थर आणखी घट्ट होतो. वरचा एक खडा खालच्या दोनतीन खड्यांवर भार टाकतो, ते त्यांच्या खालच्यांवर. अशा रीतीने वर तळहाताएवढ्या जागेवर पडलेलं वजन मातीपर्यंत पोचेतो पाटाएवढ्या जागेत पसरतं.

आता यात पाणी घाला. मातीचे कण एकमेकांवर दाबून घर्षणाने उभे असतात. कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं की चाकाचा दाब आधी पाण्यावर येतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि तीच माती लोण्यासारखी होते. डांबराला भेग असेल तर चाक हे पाणी पिचकारीसारखं वर फेकतं, सोबत बारीक मातीही. आत पोकळी, वर पापुद्रा. तो फुटला की आपण म्हणतो, 'रात्रीत खड्डा पडला.'

त्यात वजनाचं गणित भयंकर आहे. १९५८-६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयला मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिलं. आसावरचा भार दुप्पट केला तर नुकसान साधारण १६ पट, दहापट केला तर १०,००० पट! उत्तरकालीन रोमन कायद्यात सरकारी मालगाडीला जेमतेम अर्ध्या टनाची मुभा होती. उरणकडून गुजरातला निघालेला कंटेनर त्या फोटोतल्या रस्त्यावर आठवडाभर सोडून बघा.

आमच्या गेटसमोरचा खड्डा यंदा तीनदा बुजवला. शेजारचं गटार तुंबलेलंच आहे. कामाच्या मुहूर्ताला फोडलेल्या नारळाच्या करवंट्याही त्यातच पडल्यात.