रंध्यावरचं नाव कुणाचं?

जुना, अनोळखी रंधा हाती आला की बहुतेक जण आधी पातं बाहेर काढून त्यावरचं नाव वाचतात. फसगत तिथूनच सुरू होते. पातं झिजतं, बदललं जातं. लाकडी रंध्यांच्या काळात तर खोड एकाचं आणि पातं दुसऱ्याचं, ही रीतच होती. पोलाद इंग्लंडमधल्या शेफिल्डचं आणि रंधा घडवलेला अमेरिकेत, असे नमुने कितीतरी सापडतात.

रंधा तसा फार जुना. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतही तो मिळाला आहे. पण घडवणाऱ्याने नाव ठोकायची पद्धत बरीच अलीकडची. 1700 च्या आसपास लंडनमध्ये फक्त रंधे बनवून विकणारे कारागीर दिसू लागतात आणि रंध्याच्या पुढच्या टोकावर, लाकडाच्या आडव्या कापावर, त्यांचे ठसे येतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थम गावी फ्रान्सिस निकोल्सन हेच काम करत असे. सीझर चेलर हा त्याचा गुलाम. 1753 मध्ये निकोल्सन वारला आणि मृत्युपत्रानुसार चेलर मुक्त झाला. पुढे त्याने स्वतःच्या नावाचा ठसा केला, त्यात ‘रेन्थमला राहणारा’ असंही घातलं. लाकडी रंध्यांत याहून बोलका ठसा मला माहीत नाही.

त्याच टोकावर दोन-तीन नावं दिसली तर गोंधळू नये. बनवणाऱ्याचा ठसा सहसा मधोमध आणि एकदाच असतो. वेडीवाकडी, पुन्हा पुन्हा ठोकलेली नावं मालकांची.

बिडाच्या रंध्याचं अमेरिकन पेटंट हॅझर्ड नोल्सने 1827 मध्येच घेतलं होतं, पण खरी उलथापालथ केली बोस्टनच्या लेनर्ड बेलीने. पाचर ठोकून पातं बसवायची कटकट त्याने घालवली. पकडीसाठी खटक्याची पट्टी आली, खोली कमीजास्त करायला पितळी चाकी आली. 1869 मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने त्याची पेटंटं विकत घेतली. बेलीने पुढे स्टॅन्लीशी फारकत घेतली, ‘व्हिक्टर’ नावाने वेगळे रंधे काढले. तरी 1902 नंतर स्टॅन्लीच्या ओतीव तळावर, पुढच्या मुठीसमोर, ‘बेली’ हेच नाव उमटत राहिलं! तेव्हा ते नाव दिसलं म्हणून रंधा बेलीच्या कारखान्यातला ठरत नाही.

पेटंटांची मुदत संपली आणि सगळ्यांनी तोच साचा उचलला. म्हणून तर हे रंधे एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. आकडे मात्र ज्याचे त्याचे. स्टॅन्लीचा 4 नंबर, म्हणजे 9 इंची रंधा, सार्जंट कंपनीकडे 409 होतो, मिलर्स फॉल्स कंपनीकडे 9 आणि शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीकडे 04. सार्जंट आणि मिलर्स फॉल्सच्या आकड्यांत लांबीच दडलेली आहे. स्टॅन्लीच्या क्रमांकात ती शोधायला जाऊ नका.

माझा भरवसा बिडावर. पातं ज्या तिरक्या ठोकळ्यावर टेकतं त्याला फ्रॉग म्हणतात. त्याच्यामागे तळावर साचलेली चिकट काजळी ब्रशने काढली की स्टॅन्लीच्या रंध्यात बारीक उठावाची अक्षरं दिसतात: मार्च 1902, ऑगस्ट 1902, एप्रिल 1910. या पेटंटच्या तारखा आहेत, रंधा त्याच साली बनला असं नव्हे. पण तिन्ही एकत्र दिसल्या तर तो साधारण 1910 ते 1918 मधला. पितळी चाकीच्या जागी काळ्या कडक रबराची असेल तर दुसऱ्या महायुद्धातली पितळटंचाई आठवावी.

पात्यावर हृदयाच्या चौकटीत ‘एस डब्ल्यू’ दिसलं तर ते पातं 1920 नंतरचं. ‘एस डब्ल्यू’ म्हणजे स्टॅन्ली वर्क्स, 1920 मध्ये स्टॅन्ली रूल अँड लेव्हल जिच्यात विलीन झाली ती कंपनी. तिचे अध्यक्ष राहिलेले विल्यम हार्ट, म्हणून ते हृदय. आता तळावर तीन तारखा आणि पात्यावर हृदय, असं असेल तर? अशा खुणांवरून रंध्यांचा काळ ठरवणारे, संग्राहक ज्यांना ‘टाइप’ म्हणतात ते वर्ग त्यांनी मागाहून पाडलेले. कारखाना शिल्लक सुटे भाग वापरून संपवायचा. त्यामुळे अशी जोडी पाहून लगेच निकाल देऊ नये. पात्याला स्क्रूने आवळलेली दुसरी पट्टी सोडवावी. तिच्या कडेची गंजाची जुनी रेघ पात्याच्या पाठीवर राहिलेली असते. पट्टी पुन्हा लावून ती रेघ जुळते का, तेवढं पाहावं. जुळली तर पातं आणि पट्टी बराच काळ एकत्र आहेत.