‘बी प्लस’च्या आधीचा ‘ए’

नागपूरच्या बर्डीवर जुना व्हॉल्वचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला की मेकॅनिक मीटरची पिन आधी ‘बी प्लस’ला लावतो. अडीचशे-तीनशे व्होल्टच्या तारेला हे नाव का, आणि मग ‘ए’ कुठे गेला?

१९२०च्या दशकात रेडिओला तीन बॅटऱ्या लागत. ‘ए’ व्हॉल्वमधली बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तापवायची. ती बहुधा ॲसिडची असे, आणि घरातला गालिचा जाळण्याची तिची ख्याती होती. ‘बी’ इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या प्लेटला ४५-९० व्होल्ट द्यायची; तिचं धन टोक म्हणजे ‘बी प्लस’. ‘सी’ इलेक्ट्रॉनचा प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडला ऋण व्होल्टेज द्यायची. घरात वीज होती, पण एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. तिच्यावर फिलामेंट थेट पेटवलं की स्पीकरमधून घुमघुम यायची. १९२७च्या सुमारास फिलामेंट आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वेगळे असलेला २२७ नंबरचा व्हॉल्व आला, तेव्हा ‘ए’ची सुट्टी झाली. त्याच वर्षी २८० हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा एकाच दिशेचा डीसी करणारा व्हॉल्व निघाला आणि ‘बी’चंही काम वीज करू लागली; नाव तेवढं राहिलं. पुढचा ५वाय३ याच घराण्यातला. मुळात एकाच दिशेने वीज जाऊ देणारा डायोड फ्लेमिंगने १९०४मध्ये केला होता, तो मात्र रेडिओ लहरी ओळखण्यासाठी.

रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून सेकंदाला ५० सायकलच्या विजेतून १०० सायकलचा लहरता डीसी निघतो. तो सपाट करणं हे खरं काम. वीज साठवणारे मोठे कंडेन्सर तेव्हा महाग, म्हणून भार चोकवर, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या तारेच्या वेटोळ्यावर. त्या काळच्या स्पीकरला कायमचं चुंबक नसे, विद्युतचुंबकाची कॉइल असे. कारागिरांनी तीच चोक म्हणून वापरली. एका खर्चात दोन कामं! पुढे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर स्वस्त झाले आणि चोक लहान होत गेला.

नागपूर आकाशवाणी १९४८मध्ये सुरू झाली. शहरात विजेवरचे सेट, पण वीज न पोचलेल्या गावांत ‘ए’ आणि ‘बी’ एकाच पुठ्ठ्याच्या पॅकमध्ये जगत होत्या.

नंतर सिलिकॉन डायोड आला. ५वाय३ पूर्ण लोडवर पन्नासेक व्होल्ट गिळतो, सिलिकॉन जेमतेम एक. म्हणून जुन्या सेटमध्ये आंधळेपणाने अदलाबदल केली की बी प्लस वर चढतो आणि कंडेन्सर फुगतात. ते तसेही आपल्या मे महिन्यात, तापलेल्या व्हॉल्वशेजारी, सुकत आलेलेच असतात. १०० सायकलची गुणगुण परतली तर दोष बहुधा त्यांचाच. ५०ची असेल तर हीटरच्या, म्हणजे फिलामेंटला जाणाऱ्या, तारा पाहाव्यात.