गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका गॅरेजात खोललेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाहिला. गाडी टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोचार्जर असलेली; मालकाने सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण गिअरबॉक्सचं तेल काळंकुट्ट, करपलेल्या वासाचं. "चारशे हॉर्सपॉवर झेपेल असा गिअरबॉक्स सांगा," मालक म्हणाला. मिस्त्रींनी उलट विचारलं, "ते राहू द्या मालक. टॉर्क किती, आन् किती आरपीएमला?"

प्रश्न अगदी मोक्याचा. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, आणि ताकद ठरते ती या दोघांच्या गुणाकारावर. चारशे हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३०० किलोवॉट. ही ताकद ६००० आरपीएमला मिळत असेल तर टॉर्क ४७७ न्यूटन-मीटर भरतो. तेवढीच ३५०० ला मिळाली तर ८१८. क्लचवर आणि गिअरच्या दातांवर येतो तो टॉर्क, आणि टर्बो तो खालच्या आरपीएमलाच उसळवतो. त्यात गाडी जागेवरून उठताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग, त्याला जवळपास दुप्पट करून पुढे ढकलतो.

गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये फ्रिक्शन प्लेट (घर्षणाच्या चकत्या) आणि स्टील प्लेट आलटूनपालटून रचलेल्या असतात, कडक भाकरीच्या चवडीसारख्या. तेलाच्या दाबाने चवड आवळली की गिअर पडतो. ही पकड घर्षण, दाब, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. पाचाऐवजी सहा फ्रिक्शन प्लेट बसवल्या तर त्याच दाबात पकड २० टक्के वाढते. मात्र चवडीला जागा तेवढीच, म्हणून स्टील प्लेट पातळ घ्याव्या लागतात, आणि गिअर बदलतानाची उष्णता पिऊन घेणाऱ्या तर त्याच असतात. दाब वाढवला तर गिअर धक्का देत पडतो. फुकट काहीच मिळत नाही.

निवडीचं म्हणाल तर ड्रॅग रेसवाल्यांचा (सरळ रस्त्यावर सुसाट शर्यत लावणाऱ्यांचा) जुना लाडका म्हणजे १९६४ साली आलेला टर्बो-हायड्रामॅटिक ४००. नावातल्या 'टर्बो'चा टर्बोचार्जरशी काही संबंध नाही! तीनच गिअर, पण दणकट. पुणे हायवेला रोज पळायचं तर मला झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी७० पटतो. नावातले ७० म्हणजे ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग. वरचे दोन गिअर ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात पुढचा शाफ्ट एकाहून जास्त फेरे फिरवणारे, असल्याने इंजिन शांत चालतं. फक्त त्याचा कॉम्प्युटर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांचं जमवावं लागतं, आणि बजेट बहुधा तिथंच कोलमडतं.

सोलापुरात खरा वैरी ऊन. ३०० किलोवॉटमधले पाच टक्के जरी तेलात मुरले, तरी ते १५ किलोवॉट झाले. म्हणजे बाथरूममधले सात-आठ गिझर एकदम चालू. कूलर ही उष्णता तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर बाहेर टाकतो. तेल ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७० अंशांचा. आपल्या मे महिन्यात हवा ४३ वर जाते आणि फरक उरतो ५२. तोच कूलर पाव भागाने दुबळा! म्हणून इथं गिअरबॉक्सच्या आधी कूलर मोठा घ्यावा. मोठ्या टर्बोसाठी जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त घसरू देणारा, कन्व्हर्टर सुचवतात. इंजिन पटकन बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण जोरावर, येतं हे खरं, पण सात रस्त्याच्या गर्दीत ती घसरण तेल उकळत ठेवते.

बांधणीच्या वेळी मिस्त्रींनी एक नियम कडक पाळला: चिंधी चालणार नाही. चादरी-टॉवेलांच्या या गावात सुती कापडाला काय तोटा, पण त्याचा एक तंतू व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाला हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटेत अडकला की व्हॉल्व्ह जाम. सगळं धुऊन हवेने वाळवलेलं. नव्या फ्रिक्शन प्लेट तेलात भिजत घातलेल्या. सील जागेवर धरायला ग्रीस नाही, पेट्रोलियम जेली. ती तेलात विरघळून जाते. प्रत्येक चवडीतली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजून, मग हवेचा दाब देऊन पिस्टन हलतो का ते पाहिलं.

शेवटी कन्व्हर्टर. तो फिरवत आत ढकलायचा; आधी दोन शाफ्टच्या खाचा, मग तेलाच्या पंपाची. पंपाची खाच न बसता बोल्ट आवळले तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच पंप फुटतो. तिसरा 'टक' ऐकू येईपर्यंत मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही.