१२ जानेवारी : सोलापूरच्या दिनविशेषाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या फळ्यांवर १२ जानेवारीच्या दिनविशेषात दोन नोंदी ठळकपणे लिहिल्या जातात. एक राजमाता जिजाऊंच्या जन्माची आणि दुसरी स्वामी विवेकानंदांच्या जन्माची. सोलापुरात मात्र या दोहोंच्या जोडीला, आणि जुन्या सोलापूरकरांच्या मनात त्यांच्याही आधी, तिसरी नोंद येते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. ही नोंद एका ओळीत संपते, परंतु तिच्यामागे नऊ महिन्यांचा जो इतिहास आहे तो एका ओळीत मावणारा नाही, आणि तो सोलापूरबाहेर फारसा सांगितलाही जात नाही.

त्या इतिहासाची सुरुवात १९३०च्या एप्रिलपासून करावी लागते. ६ एप्रिल रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून कायदा मोडला आणि त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकवण्यात आला. एखाद्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावण्याचा देशातील हा पहिला प्रसंग म्हणून सोलापूर त्याची आठवण अभिमानाने जपते. सरकारच्या लेखी मात्र ही उघड आगळीक होती. त्यातच हे गाव साधे पेठेचे गाव राहिले नव्हते. १८७७मध्ये उभी राहिलेली आणि पुढे ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली गेलेली गिरणी, त्यानंतरच्या लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या, त्यांच्या भोंग्यांवर चालणारा हजारो कामगारांचा दिवस, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या वस्त्या, असे हे शहर होते. चळवळ इथे पोचली तेव्हा ती सुशिक्षितांच्या सभांपुरती राहिली नाही. ती थेट गिरणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांची झाली.

४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना दांडीजवळच्या कराडी येथे अटक झाली. त्यांच्यावर कोणताही खटला न चालवता १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली त्यांना येरवड्यास नेण्यात आले. ही बातमी सोलापुरात पोचताच हरताळ पडला, मिरवणुका निघू लागल्या आणि गिरण्या थंडावल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडे तोडण्यासाठी जमले. दारूबंदी हा गांधीजींच्या कार्यक्रमाचा भाग होता आणि शिंदीपासून सरकारला महसूल मिळत असे, त्यामुळे झाड तोडणे हाच सत्याग्रह ठरला होता. पोलिसांनी काहींना पकडले, जमावाने त्यांच्या सुटकेचा आग्रह धरला आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला. सोलापूरच्या लढ्यातील तो पहिला हुतात्मा होय. चार हुतात्म्यांच्या नावांपुढे हे पाचवे नाव अनेकदा मागे राहते, ते तसे राहू नये असे मला मनापासून वाटते.

गोळीबाराची वार्ता पसरताच संतप्त जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला. त्यात पोलिसांचा मृत्यू झाला आणि जाळपोळ झाली. त्यानंतर पोलीस आणि अधिकारी शहरातून हटले, आणि ९ ते ११ मे या तीन दिवसांत सोलापुरात इंग्रजांची सत्ता प्रत्यक्षात उरली नाही. शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी या काळात शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी उचलली. सत्तेचे माणूस रस्त्यावर नसतानाही कार्यकर्त्यांनी शांतता राखली, हा या तीन दिवसांचा विशेष आहे, आणि माझ्या मते हाच सरकारला सर्वांत जास्त झोंबलेला भाग असावा. कारण दंगल मोडता येते, परंतु सरकारवाचून चालणारे शहर हे उदाहरण म्हणून मागे राहते.

१२ मे रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. त्याला पाठबळ देणारा खास वटहुकूमही व्हाइसरॉयने त्याच महिन्यात काढला. हा अंमल ३० जूनपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे चालला. या काळात नगरपालिकेवरचा ध्वज उतरवला गेला, ध्वज बाळगणे गुन्हा ठरले, गांधी टोपी घालून रस्त्यावर फिरणे धोक्याचे झाले, आणि अनेक कार्यकर्त्यांना लष्करी न्यायालयांनी भरमसाट शिक्षा ठोठावल्या. जुन्या कागदांत आणि घराघरांतल्या आठवणींत ‘मार्शल लॉ’ हा शब्द आजही मराठी शब्दासारखा वापरला जातो, तो या उन्हाळ्यापासून.

मंगळवार पेठेतील पोलिसांच्या खुनांचा आरोप धनशेट्टी, हुसेन, सारडा आणि शिंदे यांच्यावर ठेवण्यात आला. चौघेही चळवळीत उघडपणे वावरणारे कार्यकर्ते होते. कुर्बान हुसेन यांनी विशी नुकतीच गाठली होती. ते ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. धनशेट्टी लिंगायत, सारडा मारवाडी, शिंदे मराठा आणि हुसेन मुसलमान, अशी ही चार नावे शेजारीशेजारी घेतली की त्या काळच्या सोलापूरच्या पेठांचा नकाशाच समोर येतो. ही मुद्दाम जुळवलेली निवड नव्हती. चळवळ ज्या वस्त्यांत रुजली होती, त्या वस्त्यांतून ही माणसे उचलली गेली होती. खटल्यात फाशीची शिक्षा झाली, अपील आणि दयेचे अर्ज निष्फळ ठरले, आणि १२ जानेवारी १९३१ हा सोमवार ठरला.

त्या दिवसाची एक बाजू दिनविशेषात कधीच येत नाही. ज्यांच्या अटकेमुळे सोलापूर पेटले ते गांधीजी त्या सोमवारी त्याच येरवडा तुरुंगात होते. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद अखेरच्या टप्प्यात होती. ती १९ जानेवारीला संपली. त्यानंतर सरकारने समझोत्याची पावले टाकली आणि २६ जानेवारीला गांधीजींना मुक्त केले. पुढे ५ मार्चला गांधी–आयर्विन करार झाला, ज्यात हिंसेचा आरोप नसलेल्या सत्याग्रही कैद्यांच्या सुटकेची तरतूद होती; खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्यांना तिचा लाभ मिळण्याजोगा नव्हता, हे २३ मार्चला लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या फाशीने स्पष्ट झाले. म्हणजे तडजोडीची भाषा सुरू होण्याच्या अवघे दोन आठवडे आधी सोलापूरच्या चौघांना फासावर चढवण्यात आले. २३ मार्च देशाच्या स्मरणात पक्का बसला. १२ जानेवारी मात्र एका जिल्ह्याचा दिवस होऊन राहिला, याची खंत वाटते.

त्या फाशीनंतर तीन वर्षांनी, १२ जानेवारी १९३४ रोजी, चितगावच्या तुरुंगात क्रांतिकारक सूर्य सेन आणि तारकेश्वर दस्तीदार यांना फाशी झाली. त्यांच्या गटाने केलेला चितगावच्या शस्त्रागारावरचा हल्ला १८ एप्रिल १९३०चा, म्हणजे सोलापूरचा ध्वज आणि सोलापूरची गोळी यांच्या मधल्या दिवसांतला. देशाच्या पश्चिमेकडच्या एका गिरणगावात आणि पूर्वेकडच्या एका बंदरात एकाच उन्हाळ्यात जे पेटले, त्याची किंमत वेगवेगळ्या वर्षी एकाच तारखेला वसूल झाली. हा योगायोगच आहे, परंतु या तारखेची यादी करताना तो गाळणे योग्य नव्हे.

आता जिजाऊंच्या जन्मतारखेविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तिथे तारीख या गोष्टीचेच स्वरूप समजते. सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला तो पौष पौर्णिमेचा, १२ जानेवारी १५९८ या दिवशीचा, असे मानले जाते. ही तारीख जुन्या म्हणजे ज्यूलियन पद्धतीची आहे. पोपच्या आदेशाने १५८२मध्ये ग्रेगोरियन पद्धत सुरू झाली तरी इंग्रजांनी ती १७५२पर्यंत स्वीकारली नव्हती, आणि सतराव्या शतकातील घटनांच्या ज्या इंग्रजी तारखा आपल्याकडे रूढ झाल्या त्या बहुतांशी जुन्या पद्धतीच्याच आहेत. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही तशीच. आज आपण वापरतो त्या पद्धतीने १५९८ची ती पौष पौर्णिमा २२ जानेवारीला येते. मागे गणित करत गेले तर त्या २२ तारखेला पौर्णिमा होती हे नेमके जुळते, १२ तारखेला जुळत नाही. यामुळे १२ जानेवारीची जयंती चुकीची ठरते असे म्हणण्याचे कारण नाही. लोकांनी आणि शासनाने ती तारीख स्वीकारली आहे, आणि सिंदखेड राजाला त्या दिवशी लोटणारा जनसमुदाय ही तिची खरी मान्यता आहे. परंतु तिथीचा आग्रह धरणारे आणि तारखेचा आग्रह धरणारे यांच्यात जेव्हा वाद होतो, तेव्हा दोघांनाही हे दहा दिवसांचे अंतर माहीत असावे.

विवेकानंदांच्या बाबतीत असा प्रश्न नाही, कारण १८६३पर्यंत इंग्रजी कारभार नव्या पद्धतीवर आलेला होता. १२ जानेवारी १८६३ रोजी, तोही सोमवारच, कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. रामकृष्ण मठात त्यांची जयंती तिथीने, पौष कृष्ण सप्तमीला, साजरी होते. सरकारने मात्र १९८४मध्ये इंग्रजी तारीख निवडून तो राष्ट्रीय युवा दिन ठरवला आणि १९८५पासून तो पाळला जाऊ लागला. सोलापूरकरांना विशेष वाटावे असे यात आणखी एक आहे. विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशीचा आहे. तेव्हा संक्रांत १२ जानेवारीला होती, आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. आपली संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याचे स्थान मोजणाऱ्या, गणनेवर बेतलेली असल्यामुळे इंग्रजी कॅलेंडरमध्ये ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. ‘संक्रांत १४ जानेवारीलाच असते’ हे आपण गृहीत धरतो, पण ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यापुरतेच खरे आहे.

आणि संक्रांत म्हणजे सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांनी शहराच्या पंचक्रोशीत स्थापलेली अडुसष्ट लिंगे, कुंभारकन्येशी त्यांच्या योगदंडाच्या विवाहाची आख्यायिका आणि त्या विवाहाची दरवर्षी होणारी पुनरावृत्ती, असा या यात्रेचा गाभा आहे. हिरेहब्बू वाड्यातून उंच नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते तोलत नेतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. १९३१ साली संक्रांत १४ जानेवारीला होती. म्हणजे येरवड्यात फाशी झाली तेव्हा ग्रामदैवताची यात्रा तोंडावर आली होती. ज्या शहरात दरवर्षी त्या आठवड्यात या यात्रेनिमित्त भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची लगबग असते, त्या शहरात फाशीची बातमी नेमकी त्या दिवसांत आली. आजही दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात. चार हुतात्मा पुतळ्यांना सकाळी हार घातले जातात आणि मैदानावर पाळणे उभे राहत असतात. सोलापूरच्या हुतात्म्यांचे स्मरण तिथीने न होता इंग्रजी तारखेने होते, आणि ते योग्यच आहे, कारण ती तारीख पंचांगाने नव्हे तर सरकारने ठरवली होती.

चार पुतळ्यांच्या बरोबरीने हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृहही त्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि सोलापूर–पुणे मार्गावरची हुतात्मा एक्स्प्रेस त्यांचेच नाव घेऊन धावते. पहाटेच्या डब्यात पुण्याला नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी निघालेल्या किती प्रवाशांना हे हुतात्मे नेमके कोण ते ठाऊक असते, याची शंका वाटते. चौघांना ज्या शहरात नेऊन मारले त्या शहराकडेच ही गाडी जाते, हे एकदा कळल्यावर तिकिटावरचे नाव नुसते नाव राहत नाही.

याच तारखेच्या आणखी काही नोंदी थोडक्यात देतो. १७०८मध्ये १२ जानेवारीलाच छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. आणि १९९२मध्ये देवास येथे पंडित कुमार गंधर्व यांचे निधन झाले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४मध्ये जन्मलेल्या या गायकाचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. वडिलांच्या नावातला सिद्धराम हा सोलापुरात घरोघरी ऐकू येणारा. कन्नड घरात जन्म, मराठी मुलखात शिक्षण आणि कीर्ती, माळव्यात वास्तव्य, असे त्यांचे आयुष्य दोन-तीन भाषांत सहज नांदले. इथल्या पेठांतही माणसे घरात कन्नड, दुकानात मराठी आणि मित्रांत दखनी बोलतात, त्यामुळे त्यांची पुण्यतिथी सोलापूरच्या यादीत परकी वाटत नाही.

सोलापूरच्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी १२ जानेवारीची ओळ लिहिताना तिच्यासोबत ६ एप्रिल, ८ मे, १२ मे आणि ३० जून १९३० या चार तारखाही लिहाव्यात, अशी माझी सूचना आहे. नगरपालिकेवरचा ध्वज, शंकर शिवदारे यांचा मृत्यू, लष्करी कायद्याचा आरंभ आणि त्याचा शेवट, एवढे क्रमाने मांडले तर पाचवीच्या मुलालाही जानेवारीतल्या त्या सोमवारचे कारण समजते.