संगीत मासिकाचं मुखपृष्ठ: काम देण्याआधी एवढं वाचा

"कव्हर छान झालंय, पण जरा सगळ्यांना आवडेल असं करता येईल का?" आम्ही मासिकांची मुखपृष्ठं करून देतो, आणि पहिला मसुदा पाठवला की ग्राहकाकडून हा निरोप हमखास येतो. कामाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून आमचं म्हणणं सविस्तर लिहून ठेवत आहोत.

संगीताचं मासिक सगळ्यांसाठी नसतं. ज्यांचा खप वर्षानुवर्षं टिकला, त्या मासिकांनी आपला वाचक आधी ठरवला आणि मग कव्हर केलं. ब्रिटनमध्ये 1978 साली 'स्मॅश हिट्स' निघालं ते पॉप ऐकणाऱ्या शाळकरी मुलामुलींसाठी. भडक रंग, थेट आपल्याकडे बघणारे चेहरे आणि आत आवडत्या गाण्यांचे शब्द छापलेले. 1981 साली आलेलं 'केरँग!' हेवी मेटलवाल्यांचं. गिटारवर जोरात कॉर्ड मारल्यावर येणारा आवाज हेच त्याचं नाव, आणि कव्हरवरची अक्षरं तडा गेल्यासारखी. 1993 साली 'मोजो' सुरू झालं तेव्हा पहिल्या अंकावर बॉब डिलन आणि जॉन लेनन होते. लेनन जाऊन तेव्हा जवळपास तेरा वर्षं झाली होती, पण जुन्या रॉकवर जीव असलेल्या वाचकाला तेच चेहरे हवे होते. आता 'केरँग!'ची तडकलेली अक्षरं शास्त्रीय संगीताच्या मासिकावर लावून बघा. ख्यालाचा रसिक ते हातातही घेणार नाही, आणि मेटलवाला घेतलं तरी पहिलं पान उलटून परत ठेवेल.

'सगळ्यांसाठी' करायला गेलं की नेमकं काय होतं? समजा, एका तरुण गायिकेचा उभा फोटो आहे. डोळे पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात, नजर थेट वाचकाकडे. मग सूचना येते, तबलजींनाही घ्या. मग बासरीवादक, मग महोत्सवाचा फोटो. जागा तेवढीच असल्यामुळे प्रत्येक चेहरा लहान होतो. चार माणसं चार दिशांना बघत असली की वाचकाची नजर एकावरही ठरत नाही. मोबाइलवर तर कव्हर बोटाच्या पेराएवढं दिसतं आणि त्यात ओळखू येईल असा चेहराच उरत नाही. बाकीच्या कलाकारांची नावं मथळ्यांत घ्या, मान तिथेही राखला जातो. एखादा खरोखरच जोडीचा विषय असेल, जुगलबंदी किंवा गुरु-शिष्य, तर दोन चेहरे आम्ही आनंदाने घेतो.

दुसरी मागणी असते मोठ्या मासिकांसारखं करा, ही. कलाकाराचं डोकं मासिकाच्या नावावर आलेलं छान दिसतं, हे खरं. पण जुन्या मासिकाचं नाव वाचक दोन अक्षरांवरून ओळखतो. तुमचे पाच-सहाच अंक निघाले असतील तर नाव पूर्ण दिसलंच पाहिजे, यावर आम्ही ठाम राहतो. 'रोलिंग स्टोन'च्या 22 जानेवारी 1981 च्या अंकाचंही उदाहरण ग्राहक देतात: लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचा छायाचित्रकार ॲनी लीबोव्हिट्झ यांनी काढलेला फोटो, वर मासिकाचं नाव, मथळा एकही नाही. तो फोटो 8 डिसेंबर 1980 चा आणि त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली. काय झालं ते सगळ्या वाचकांना माहीत होतं, म्हणून शब्दांची गरज पडली नाही. तुमच्या अंकातली मुलाखत वाचकाला माहीत नसते, ती सांगावी लागते. एक मोठा मथळा, तीन-चार छोटे, एवढं पुरतं. शक्यतो डावीकडे लावतो, कारण स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडले की बहुधा डावी कडच उघडी राहते.

म्हणूनच काम हातात घेण्याआधी आम्ही वाचकाबद्दल एक पानभर माहिती मागतो. काहींना हा फापटपसारा वाटतो. पण वय काय, काय ऐकतो, स्वतः वाजवतो की फक्त ऐकतो, अंक विकत घेतो की फोनवर वाचतो, एवढं कळलं की फॉन्ट आणि रंगांचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत. गिटार शिकणाऱ्याला वाद्य जवळून दिसायला हवं, मैफलीला जाणाऱ्याला गाणाऱ्याचा चेहरा. मसुदे आम्ही दोनच देतो, दहा नाही. दोन्हींमागचं कारण लिहून देतो, म्हणजे निवडताना "मला निळा आवडतो" याच्या पुढे बोलता येतं. दुरुस्त्या मात्र एकाच माणसाने एकत्र करून पाठवाव्यात. संपादक, जाहिरात विभाग आणि मित्रमंडळी यांचे वेगवेगळे निरोप आले की कव्हर पुन्हा 'सगळ्यांसाठी'च्या वाटेला लागतं.

फोटोबद्दल थोडं. ए4 पानाला 300 डीपीआयने (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) सुमारे 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, शिवाय कटिंगसाठी चारही बाजूंना 3 मिमी जादा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डोक्यावर मोकळी जागा असलेला उभा फोटो असेल तर फारच उत्तम. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मंद होतो, तेव्हा रंगाची मंजुरी छापील प्रूफ (नमुना प्रत) बघूनच द्या. प्रूफ आम्ही प्रत्येक कामासोबत देतो.

पहिल्या अंकाचं काम आमच्याकडे झालं तर मासिकाच्या नावाचं अक्षरलेखन आणि मथळ्यांचा साचा ओपन फाइलसह (नंतर बदल करता येतील अशी मूळ फाइल) तुमच्या हवाली करतो, त्यामुळे पुढचे अंक लवकर होतात. फोटो हाताशी नसले तरी वाचकाचं पान आधी पाठवा, बोलणं तिथूनच सुरू करू.