नॅरोबोट सात फुटीच का?

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे सात फूट रुंदीची लांबट नाव, घेऊन निघालं की दिवसभरात फार तर वीस-पंचवीस किलोमीटर होतात, आणि वाटेत लॉकची, म्हणजे नाव वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या टाक्यांची, रांग लागली तर तेवढेही नाहीत. वेगमर्यादा ताशी 4 मैल. काठच्या पायवाटेवरून कुत्रा फिरवणारे आजोबा आरामात पुढे निघून जातात. हा निवांतपणा कुणी पर्यटकांसाठी आखलेला नाही. कोळसा आणि चिनीमातीची भांडी स्वस्तात कशी न्यायची, या अडीचशे वर्षांपूर्वीच्या हिशेबातून तो आला आहे.

आपल्याकडे कालव्याचं पाणी उसाला जातं. तिथले कालवे खोदले ते मालासाठी. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्लीला कोळशाच्या खाणी होत्या. तिथला कोळसा 1761 पासून कालव्याने मँचेस्टरकडे जाऊ लागला आणि शहरातला भाव जवळजवळ निम्म्यावर आला. तट्टाच्या पाठीवर जेमतेम क्विंटल-सव्वा क्विंटल माल लादता येई. तेच जनावर काठाने दोर ओढत चाललं तर मागून 25-30 टनांची नाव येई. हे गणित कुणालाही कळण्यासारखं होतं. मातीची भांडी बनवणारे जोसाया वेजवूड यांना तर ते फारच कळलं, कारण खडबडीत रस्त्यांवर त्यांचा माल फुटायचा. 1766 मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ त्यांनीच मारली.

या कालव्याचे इंजिनियर होते जेम्स ब्रिंडली, मूळचे गिरण्यांची यंत्रं बसवणारे कारागीर. वाटेत हेअरकॅसलची टेकडी होती आणि तिच्या पोटातून सुमारे 2.6 किलोमीटरचा बोगदा काढायचा होता. रुंदी वाढली की खर्च वाढणार. लॉकचंही तेच. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली चिंचोळी टाकी. तिच्यात पाणी भरून नाव वर चढवायची, सोडून खाली उतरवायची. सात फुटी लॉकलासुद्धा एका वेळी साधारण लाखभर लिटर पाणी लागतं, आणि ते वरच्या बाजूने सतत आणावं लागतं. म्हणून लॉक ठेवलं सात फूट रुंद, सत्तरेक फूट लांब. नावाही त्याच मापाच्या झाल्या. पुढे काही कालवे दुप्पट रुंदीचे झाले, पण इंग्लंडच्या मधल्या भागात, मिडलंड्समध्ये, हे माप कायमचं बसलं.

हेअरकॅसलच्या बोगद्यात घोड्याला वाटच ठेवली नव्हती. घोडा टेकडीवरून जायचा आणि नावाडी नावेवर आडवे पडून, भिंतीला पाय लावून नाव रेटत न्यायचे. दोन-तीन तास, मिट्ट काळोखात.

कालव्यांची वळणंही ब्रिंडलींचीच. चढउतार टाळण्यासाठी ते टेकडीच्या कडेकडेने, एकाच पातळीवर कालवा फिरवत नेत. त्यामुळे एखादं चर्चचं टोक आधी डावीकडे दिसतं, मग मागे, मग चक्क पुन्हा समोर. व्यापाऱ्यांना हे वळसे नकोसे होते. सुट्टीवर आलेल्यांना तेच हवे असतात. वेगमर्यादेचं कारणही जमिनीतच आहे. तळ आणि कडा मळलेल्या चिकणमातीने लिंपलेल्या असतात. नाव जोरात गेली की लाटांनी काठ ढासळतो. जुन्या पुलांच्या कमानीखाली, कोपऱ्यावरच्या लोखंडी पट्ट्यांकडे जरूर बघावं. ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी त्यात बोट जाईल इतक्या खोल खाचा पाडल्या आहेत.

1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि सात फुटांची काटकसर अंगाशी आली; इतक्या अरुंद नावांत माल बेताचाच मावे. भाडी उतरली, तशी नावाड्यांची कमाईही. घरभाडं वाचवायला कित्येकांनी बायकापोरांसह नावेतच संसार मांडला. माल ठेवून उरलेली केबिन दहाएक फूट लांब. त्यात शेगडी, घडीचा पलंग, कपाट आणि चार-पाच माणसं. मुलांच्या शाळेचं नावच नको. अखेर 1877 आणि 1884 मध्ये कायदे करावे लागले. केबिनच्या दारांवर आणि पाण्याच्या कॅनवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज दुकानांत आठवणवस्तू म्हणून विकले जातात, त्यांची भरभराट याच तंगीतली.

1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले. तोवर अनेक ठिकाणी गाळ आणि वेली माजल्या होत्या. एल. टी. सी. रोल्ट यांनी आपल्या नावेतल्या प्रवासावर 1944 मध्ये पुस्तक लिहिलं, रॉबर्ट ऐकमन यांनी ते वाचून त्यांना गाठलं आणि 1946 मध्ये कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, तेव्हा उरलीसुरली मालवाहतूकही बहुतांशी संपली. मग 1968 च्या वाहतूक कायद्याने काही कालवे थेट सहलींसाठी म्हणून राखले. बाकीच्यांतले बरेच स्वयंसेवकांनी फावड्याने गाळ उपसून परत चालू केले.

2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. लंडनमध्ये घरभाडं परवडत नाही म्हणून नावेत राहणारे पुन्हा वाढले आहेत. कायमची जागा नसेल तर 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी साधारणपणे 14 दिवसांहून जास्त थांबता येत नाही. त्यामुळे शहराच्या मध्यात नाव बांधायला जागा मिळवणं म्हणजे पार्किंग शोधण्याइतकंच वैतागाचं काम.